कामगार प्रतिनिधीला नोकरीवरून काढता येतं का? जर्मनीतला सहनिर्णयाचा हक्क, सोप्या भाषेत

जर्मनीत दर चार वर्षांनी १ मार्च ते ३१ मे या काळात कंपन्या-कारखान्यांत कर्मचाऱ्यांच्या निवडणुका होतात. २०२२ नंतरची फेरी २०२६ ची. अशा निवडणुकांच्या आगेमागे एक बातमी पुन्हा पुन्हा वाचायला मिळते: अमुक ठिकाणी कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधीला तडकाफडकी कामावरून काढलं, युनियनने गेटसमोर निदर्शनं केली, प्रकरण कोर्टात गेलं. वाचणाऱ्याला प्रश्न पडतो की तिथे प्रतिनिधीच्या नोकरीला कायद्याचं एवढं कडक संरक्षण आहे, तर त्याला काढलंच कसं? आणि एका माणसाच्या नोकरीसाठी बाकीच्यांनी रस्त्यावर का उतरायचं?

जर्मनीत नोकरीला असलेल्या मराठी माणसांसाठी तर हा रोजच्या व्यवहारातला प्रश्न आहे. या निवडणुकीत मत द्यायला किंवा उभं राहायला जर्मन नागरिकत्व लागत नाही. वयाची १६ वर्षं पूर्ण झालेल्या कर्मचाऱ्याला मत देता येतं. १८ वर्षं पूर्ण आणि सहा महिने नोकरी झाली की उभंही राहता येतं.

## युनियन वेगळी, परिषद वेगळी

इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. युनियन ही कंपनीबाहेरची संघटना. इगे मेटाल ही धातू आणि वाहन उद्योगातली, वेर्डी ही सेवा क्षेत्रातली. सदस्य व्हायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. पगाराचा करार करणं आणि संप पुकारणं हे युनियनचं काम.

दुसरी संस्था म्हणजे ‘बेट्रीब्सराट’. इथून पुढे तिला नुसतं परिषद म्हणू. ती कंपनीच्या आत असते आणि तिला सगळे कर्मचारी निवडून देतात, युनियनचे सदस्य असोत वा नसोत. कायमचे किमान पाच मतदार कर्मचारी असतील आणि त्यातले तिघे उभं राहायला पात्र असतील, तर परिषद निवडता येते. वीस जणांपर्यंत एकच सदस्य, २१ ते ५० जणांसाठी तीन, ५१ ते १०० साठी पाच, आणि असंच वर चढत जातं. सदस्यांना या कामाचा वेगळा पगार नाही, पण कामाच्या वेळात परिषदेचं काम केलं म्हणून पगार कापताही येत नाही. २०० कर्मचाऱ्यांपासून पुढे किमान एक सदस्य नेहमीच्या कामातून पूर्ण मोकळा केला जातो.

परिषद आपोआप तयार होत नाही, हे नीट लक्षात घ्या. मालकाने ती स्थापन करावी असं बंधन नाही. कर्मचाऱ्यांनी पुढाकार घेतला तर त्याने तो अडवायचा नाही, एवढंच बंधन आहे. म्हणूनच खासगी क्षेत्रातल्या पात्र आस्थापनांपैकी दहा टक्क्यांहून कमी ठिकाणी परिषद दिसते. मोठ्या कारखान्यांत ती बहुतेक असतेच. छोट्या आणि नव्या कंपन्यांत मात्र ती सहसा नसते, आणि संघर्षही मुख्यतः तिथेच पेटतात.

## सहनिर्णय म्हणजे नेमकं काय?

बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची आणि एक तुमची. एकीने तो उघडत नाही. काही ठरावीक विषयांत जर्मन मालक आणि परिषद यांचं नातं तसंच आहे. परिषदेची किल्ली फिरल्याशिवाय मालकाचा निर्णय लागूच होत नाही. याला सहनिर्णय म्हणतात.

हे विषय १९७२ च्या आस्थापना कायद्याच्या कलम ८७ मध्ये दिले आहेत. काम किती वाजता सुरू आणि बंद होणार, तास आठवड्यात कसे वाटायचे, ओव्हरटाइम, रजेचं वेळापत्रक, घरून काम करण्याची पद्धत, आणि कर्मचाऱ्यांच्या वागण्यावर वा कामगिरीवर लक्ष ठेवू शकेल असं कुठलंही तंत्र. या शेवटच्या विषयाची व्याप्ती फार मोठी आहे. तंत्र लक्ष ठेवण्यासाठीच आणलेलं असावं लागत नाही. ते लक्ष ठेवू शकतं, एवढं पुरतं. त्यामुळे हजेरीचं ॲप, गोदामातला स्कॅनर, गाड्यांचं जीपीएस, कॉल सेंटरचं सॉफ्टवेअर असं सगळं त्यात येतं.

प्रत्यक्षात हे कसं चालतं? समजा गुरुवारी दुपारी व्यवस्थापकाने नोटीस लावली की येत्या शनिवारी बारा जणांनी यायचं. ओव्हरटाइम आहे, म्हणजे परिषदेची संमती हवी. परिषदेने संमती दिली नाही, तर ती नोटीस त्या बारा जणांवर बंधनकारक नाही. मालक तरीही अडून बसला तर परिषद कामगार न्यायालयातून मनाई मिळवू शकते. दोघांचं जमेना, तर प्रकरण ‘समेट मंडळा’कडे जातं. त्यावर दोन्ही बाजूंचे सारखेच लोक असतात आणि अध्यक्ष तटस्थ, बरेचदा एखादे कामगार न्यायाधीश. त्यांचा निर्णय करारासारखा लागू होतो आणि मंडळाचा खर्च मालक देतो.

बाकीच्या विषयांत परिषदेचं बळ कमी आहे. वीसहून अधिक मतदार असलेल्या कंपनीत नवी भरती आणि बदली यांना ती ठरावीक कारणांवरून एका आठवड्यात नकार देऊ शकते. कुणालाही काढण्याआधी तिचं म्हणणं ऐकून घ्यावंच लागतं. न ऐकता दिलेली नोटीस रद्दबातल ठरते. कारखाना कुठे उभारायचा, पैसा कशात गुंतवायचा, यात परिषदेला सहनिर्णय नाही. त्यासाठी मोठ्या कंपन्यांच्या देखरेख मंडळावर (व्यवस्थापनावर लक्ष ठेवणारं मंडळ) कर्मचाऱ्यांच्या जागा असतात: ५०० हून जास्त कर्मचारी असले तर एक तृतीयांश, २,००० च्या वर निम्म्या. तिथेही मतं सारखी पडली तर अध्यक्षाला दुसरं मत असतं, आणि अध्यक्ष व्यवहारात भागधारकांच्या बाजूचाच असतो.

म्हणजे रोजच्या कामाच्या ठिकाणी मालकाला खरंच थांबवू शकणारी ताकद परिषदेच्या हातात आहे. ती वापरणारा माणूस मालकाच्याच पगारावर असतो, आणि त्याला संरक्षण लागतं ते म्हणूनच.

## कायदा कसं संरक्षण देतो?

परिषदेच्या सदस्याला कार्यकाळात आणि त्यानंतर एक वर्ष नेहमीची नोटीस देऊन काढता येत नाही. आस्थापना किंवा विभागच बंद होत असेल तर अपवाद आहे. उरतो एकच मार्ग, ‘गंभीर कारणा’साठी तात्काळ बडतर्फी. चोरी, फसवणूक, मारहाण असा प्रकार, ज्यानंतर एक दिवसही सोबत काम करणं शक्य नाही असं म्हणता येईल. हे कारण कळल्यापासून मालकाला फक्त दोन आठवडे मिळतात.

या दोन आठवड्यांत त्याला आधी परिषदेची संमती मागावी लागते. ज्याच्याविषयी ठराव आहे तो सदस्य मत देत नाही, त्याच्या जागी पर्यायी सदस्य बसतो. परिषदेने तीन दिवसांत काहीच कळवलं नाही तर तो नकार मानला जातो. (साध्या कर्मचाऱ्याच्या नेहमीच्या नोटिशीत उलटं आहे. तिथे परिषद आठवडाभर गप्प राहिली तर संमती धरली जाते.) नकार आला की मालकाने त्याच दोन आठवड्यांत कामगार न्यायालयात जाऊन संमतीऐवजी न्यायालयाचा आदेश मागायचा. तो आदेश अंतिम होईपर्यंत सदस्य नोकरीत राहतो आणि पगारही चालू राहतो. संमतीशिवाय हातात ठेवलेलं बडतर्फीचं पत्र कायद्याच्या लेखी शून्य.

निवडणूक भरवणाऱ्यांनाही संरक्षण आहे. निवडणूक समितीचे सदस्य आणि उमेदवार यांना निकालानंतर सहा महिन्यांपर्यंत, तसंच निवडणुकीच्या सभेचं निमंत्रण देणाऱ्या पहिल्या सहा जणांनाही. २०२१ च्या दुरुस्तीने त्याच्याही आधीचा टप्पा झाकला. परिषद स्थापन करण्याचा इरादा नोटरीसमोर नोंदवून प्रत्यक्ष तयारीला लागलेल्या कर्मचाऱ्याला, त्याच्या वागणुकीच्या किंवा व्यक्तिगत कारणावरून नेहमीची नोटीस देता येत नाही. मात्र हे जास्तीत जास्त तीन महिने.

## मग तरीही माणूस बाहेर कसा पडतो?

संरक्षण भक्कम आहे, पण त्याला फटी आहेत, आणि मालकांच्या वकिलांना त्या तोंडपाठ असतात.

पहिली फट परिषदेच्या आत असते. बहुमत मालकाकडे झुकलेलं असेल तर संमती मिळते, पत्र त्याच दिवशी लागू होतं, पगार बंद होतो, आणि आता कोर्टात जाण्याची जबाबदारी सदस्यावर येते. दुसरी फट कंत्राटाच्या मुदतीत. मुदतीची नोकरी परिषदेवर निवडून आल्याने कायम होत नाही. तारीख आली की ती संपते. परिषदेतल्या कामामुळेच नूतनीकरण नाकारलं, हे सिद्ध केलं तरच दाद मिळते, आणि ते सिद्ध करणं फार अवघड. डिलिव्हरी आणि गोदामांच्या धंद्यात, जिथे परदेशातून आलेले तरुण मोठ्या संख्येने आहेत, तिथे हीच फट सगळ्यात महाग पडते.

तिसरा मार्ग कटकटीचा आहे. एका बडतर्फीचा निकाल लागायच्या आत दुसरी, मग तिसरी, दर वेळी नवं कारण. सोबत कामावरून ‘मोकळीक’ (म्हणजे काम न देता घरी बसवणं) आणि आवारात येण्यास बंदी. परिषदेच्या कामासाठी आत यायचा हक्क सहसा शाबूत असतो, पण तो बजावायला न्यायालयाचा तातडीचा आदेश आणावा लागतो. तोवर सहकाऱ्यांना दिसतं ते एवढंच की परिषदेवर गेलेला माणूस गेटबाहेर उभा आहे.

कारणं कुठली दिली जातात? कामाच्या तासांची खोटी नोंद हे अगदी नेहमीचं. परिषदेचं काम घड्याळात बसवणं कठीण असतं आणि संशय घ्यायला तेवढं पुरतं. म्हणून जाणकार सदस्य काही गोष्टींत कधीच ढिलाई करत नाहीत. जागा सोडताना वरिष्ठाला सांगायचं की परिषदेच्या कामाला जातोय, कुठे आणि साधारण किती वेळ. काय काम, ते सांगायची गरज नाही. परत आल्यावर परतल्याचं कळवायचं. स्वतःच्या वहीत तारीख, सुरुवात, शेवट टिपून ठेवायचं. बैठकीचा विषय आधीच कळवलेला, ठराव इतिवृत्तात लिहिलेला आणि त्यावर सह्या झालेल्या हव्यात. कर्मचाऱ्यांची यादी किंवा पगाराचा तक्ता खासगी ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवर पाठवायचा नाही. विदा-संरक्षणाचा (म्हणजे लोकांची खासगी माहिती जपण्याच्या नियमांचा) भंग हे दुसरं आवडतं कारण आहे.

## बडतर्फीचं पत्र हातात पडलं की

तारखा इथे सगळ्यात महत्त्वाच्या. पत्र मिळाल्यापासून तीन आठवड्यांत कामगार न्यायालयात दावा दाखल झालाच पाहिजे. मुदत चुकली तर चुकीची बडतर्फीही वैध धरली जाते. मालकाशी बोलणी चालू आहेत म्हणून ही मुदत थांबत नाही, आणि चांगली चांगली माणसं नेमकी इथेच फसतात. रोजगार कार्यालयात तीन दिवसांच्या आत नोंद करायची. कर्मचाऱ्याच्या वागणुकीवर बोट ठेवलेलं असेल तर बेकारी भत्ता बारा आठवडे अडवला जाऊ शकतो. आपण दावा लावला आहे हे कार्यालयाला कळवायचं. नोकरीसाठी दिलेल्या निवास परवान्यावर असाल तर नोकरी मुदतीआधी संपल्याचं दोन आठवड्यांत परकीय नागरिक कार्यालयाला कळवणं बंधनकारक आहे. नोकरीच्या वादात परवान्याचा घोळ वाढू देऊ नका.

दाव्यानंतर साधारण दोन आठवड्यांत समेटाची पहिली सुनावणी ठरते. ती बहुतेक वेळा लवकर आटोपते आणि मुख्य सुनावणी काही महिन्यांनी लागते. तिथे एक व्यावसायिक न्यायाधीश आणि दोन मानद न्यायाधीश बसतात, एक मालकांच्या बाजूचा, एक कर्मचाऱ्यांच्या. पुढे राज्याचं कामगार न्यायालय, आणि शेवटी एअरफुर्टमधलं संघराज्य कामगार न्यायालय. पहिल्या पायरीवर जिंकलात तरी स्वतःच्या वकिलाची फी स्वतःच भरावी लागते. कामगार न्यायालयाचा नियमच तसा आहे.

## सहकारी आणि युनियन नेमकं काय करू शकतात?

माझं मत स्पष्ट आहे. कायदा प्रतिनिधीला हक्क देतो, पण हक्क मिळेपर्यंतचा काळ काढायला मदत करत नाही. मालकाला खटला जिंकावा लागत नाही. माणूस दमेपर्यंत तो लांबवला तरी त्याचं काम होतं. सहकाऱ्यांची साथ लागते ती इथे.

युनियनची पहिली मदत कायद्याची. जर्मन कामगार संघटनांच्या महासंघाची स्वतःची कायदेशीर मदत यंत्रणा आहे आणि सदस्यांचे खटले ती विनामूल्य लढते. अट अशी की सदस्य होऊन साधारण तीन महिने झालेले हवेत. पत्र आल्यावर धावत जाऊन सदस्य झालात तर त्या प्रकरणात ही मदत मिळेलच असं नाही. निवडणुकीचा विचार मनात आला त्याच दिवशी सदस्य व्हा, असा सल्ला अनुभवी लोक देतात तो याचसाठी.

दुसरी मदत दिसण्याची. कामगार न्यायालयाच्या सुनावण्या सार्वजनिक असतात. वीस-तीस सहकारी आणि इतर कंपन्यांच्या परिषदांचे लोक बाकांवर येऊन बसले, तर न्यायाधीश त्यामुळे निकाल बदलणार नाहीत. पण मालकाच्या वकिलाला कळतं की हा माणूस एकटा नाही. इतर ठिकाणच्या परिषदांचे पाठिंब्याचे ठराव आणि व्यवस्थापनाला थेट लिहिलेली पत्रं यांचाही तोच उपयोग. पगार अडकलेल्यासाठी मदतनिधी उभारायचा असेल तर हिशेब दोघांच्या नावाने ठेवा आणि कुणाला किती दिलं ते लिहून ठेवा. पैशांवरून उठलेली कुजबुज सगळी एकजूट मोडते.

तिसरी जागा आतली. परिषद दर तीन महिन्यांनी कर्मचाऱ्यांची सभा बोलावते, त्या वेळेचा पगार मिळतो, आणि ज्या युनियनचे सदस्य कंपनीत आहेत तिचा प्रतिनिधी तिथे येऊ शकतो. मालकाच्या तोंडावर प्रश्न विचारायची ही सगळ्यात सुरक्षित जागा.

परिषदेच्या कामात अडथळा आणणं किंवा निवडणूक रोखणं हा आस्थापना कायद्याच्या कलम ११९ खाली गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. पण सरकारी वकील आपणहून खटला भरत नाहीत. परिषद, निवडणूक समिती किंवा कंपनीत सदस्य असलेली युनियन यांपैकी कुणीतरी रीतसर अर्ज करावा लागतो. तो अर्ज करायचं धाडस एकट्या परिषदेला होत नाही तेव्हा युनियनने करावा, त्यासाठीच तिला तो अधिकार आहे.

## मग सगळ्यांनी काम बंदच का ठेवू नये?

कारण जर्मनीत ते बेकायदा ठरतं. संप युनियनच पुकारू शकते आणि तोही करारात बसतील अशा मागण्यांसाठी. एका सहकाऱ्याला परत घ्या, ही मागणी त्यात बसत नाही. परिषदेला तर संप पुकारायला कायद्यानेच मनाई आहे. तिचे सदस्य युनियनचे सभासद म्हणून संपात भाग घेऊ शकतात, परिषदेच्या नावाने नाही.

बर्लिनमधल्या गोरिलाज या किराणा-डिलिव्हरी कंपनीत २०२१ मध्ये याचा धडा मिळाला. जूनमध्ये एका रायडरला काढल्यावर सहकाऱ्यांनी युनियनशिवाय काम थांबवलं. पुढे असेच संप झाल्यावर ऑक्टोबरमध्ये कंपनीने अनेकांना कामावरून काढलं. काही रायडर न्यायालयात गेले, पण युनियनने न पुकारलेला संप बेकायदा असल्याचं बर्लिनच्या कामगार न्यायालयांनी धरलं. तिथली परिषद मात्र उभी राहिली. निवडणूक थांबवावी म्हणून कंपनी न्यायालयात गेली, तिची मागणी फेटाळली गेली आणि नोव्हेंबरच्या शेवटी परिषद निवडून आली. त्या रायडरांचा राग अगदी रास्त होता. कायद्याने दिलेल्या वाटेवर टिकलेली गोष्ट ठरली ती निवडणूक.

## काही रास्त शंका

प्रतिनिधी चोर निघाला तरी त्याला हात लावायचा नाही का? लावता येतो, गंभीर कारण असेल तर. फक्त ते कारण न्यायालयाच्या कसोटीला उतरलं पाहिजे. २०१० मध्ये संघराज्य कामगार न्यायालयाने एका सुपरमार्केटच्या रोखपाल बाईंची बडतर्फी रद्द केली होती. त्या परिषदेच्या सदस्य नव्हत्या. आरोप होता १.३० युरोच्या बाटली-परताव्याच्या पावत्यांचा. तीसेक वर्षांच्या नोकरीपुढे एवढी चूक तात्काळ बडतर्फीला पुरेशी नाही, आधी ताकीद द्यायला हवी होती, असं न्यायालयाने म्हटलं. हीच मोजपट्टी प्रतिनिधींनाही लागते.

परिषदेवरचे लोक मालकाचे लाडके होत नाहीत का? होतात, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. फोल्क्सवागनमध्ये २००५ मध्ये परिषदेच्या काही नेत्यांवर कंपनीच्या पैशाने मौजमजेच्या सहलींची खैरात झाल्याचं उघड झालं. कायद्यात प्रतिनिधीला त्रास देणं जसं वर्ज्य आहे तसंच लाभ देणंही. त्यांच्या जादा पगारावर २०२३ मध्ये संघराज्य न्यायालयाचा कडक निकाल आला आणि २०२४ मध्ये पगार ठरवण्याचे नियम कायद्यात स्पष्ट केले गेले.

भारतात असं काही आहे का? थोडंसं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत शंभर कामगारांपासून पुढे कार्य समितीची तरतूद आहे, पण ती सल्लामसलतीपुरती. युनियनच्या ठरावीक पदाधिकाऱ्यांना ‘संरक्षित कामगार’ म्हणून मान्यता मिळते, एकूण कामगारांच्या एक टक्का, किमान पाच आणि कमाल शंभर. ते संरक्षण मुख्यतः वाद प्रलंबित असतानाचं आहे. आपली दुसरी किल्ली अजून तयार व्हायची आहे.

## तडजोड झाली तर?

अशी बरीच प्रकरणं निकालाऐवजी पैशांवर मिटतात. साध्या कर्मचाऱ्यासाठी भरपाईचा ढोबळ अंदाज नोकरीच्या दर वर्षामागे अर्धा महिन्याचा पगार असा सांगितला जातो. परिषदेच्या सदस्याला काढणं अवघड असल्याने त्याची बोली बरीच वर जाते. घर चालवायचं आहे, झोप उडालेली आहे, अशा माणसाने ती स्वीकारली तर त्याला गद्दार म्हणू नये. तो निर्णय त्याचा आणि त्याच्या घरच्यांचा.

परिषदेचं काय होतं ते मात्र आधीच ठरवता येतं. रिकामी झालेली जागा निवडणुकीत मागे पडलेल्या उमेदवारांमधून भरली जाते. पाच जागांसाठी पाचच उमेदवार उभे केले असतील, तर भरायला कुणी उरत नाही. ठरलेली संख्या पुरी होत नाही म्हणून नव्याने निवडणूक घ्यावी लागते, तीही लोक घाबरलेले असताना. म्हणून जुनेजाणते पाच जागांना दहा-बारा नावांची यादी करतात, वेगवेगळ्या विभागांतली, वेगवेगळ्या शिफ्टमधली, आणि शक्यतो मुदतीच्या कंत्राटावर नसलेली. खाली नाव असलेल्यांनाही बैठकीचं कामकाज, मुदती आणि कलम ८७ आधीच समजावून देतात, कारण पर्यायी सदस्याला कुणाच्या तरी बडतर्फीवर मत द्यायलाही बोलावणं येऊ शकतं, आणि तेव्हा त्याच्या हातात तीनच दिवस असतात.